सफरीचा वाटा

पूर्वी आपल्या मोहल्ल्यातून कोणी हजला निघालं, की ती बातमी तो माणूस स्वतःच घरोघर घेऊन जायचा. निघण्याच्या महिनाभर आधीपासून त्याच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. नातेवाईक, शेजारी, दुकानातले भागीदार, एवढंच काय, ज्याच्याशी वर्षानुवर्षं अबोला आहे त्याच्याही दारात तो उभा राहायचा. "कहा-सुना माफ करना" म्हणायचा. कोणाचं देणं राहिलं असेल तर चुकतं करायचा. ज्याची जी दुआ असेल ती ऐकून घ्यायचा. कोणाच्या मुलीचं लग्न ठरत नसे, कोणाची कोर्टातली तारीख संपत नसे, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असे. परत आल्यावर त्याच्या घरी माणसांची रीघ लागायची. प्रत्येकाच्या हातावर दोन-चार खजूर आणि घोटभर जमजम ठेवलं जायचं. ज्याला स्वतः मक्केला जाणं कधीच जमणार नव्हतं, त्याच्याही वाट्याला त्या सफरीतलं काहीतरी यायचं.

ही रीत अजून पुरती गेलेली नाही. हज ही इबादत आहे, तिची बरोबरी कोणत्याही सहलीशी होऊ शकत नाही. पण जाताना माणसांना भेटून जायचं आणि येताना त्यांच्यासाठी काहीतरी आणायचं, ही शिस्त कुठल्याही प्रवासाला लागू पडते. आज प्रवास वाढले आहेत. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल उघडला, की कोणी काश्मीरला, कोणी दुबईला, कोणी उटीला. एका दमात साठ-सत्तर फोटो येऊन पडतात. निघण्याआधी मात्र कोणी उंबरठ्यावर आलेलं नसतं.

मराठीत 'वाटणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखादी गोष्ट वाटायची म्हणजे तिचा हिस्सा दुसऱ्याला द्यायचा. आणि एखाद्याला काही वाटतं, म्हणजे ते त्याच्या मनाला जाणवतं. आपण प्रवासाचे फोटो वाटतो तेव्हा समोरच्याला काय वाटतं? आमच्या घरात हा प्रश्न गेली पाच वर्षं पुन्हा पुन्हा येतो, कारण आमचे मिस्टर मॅरेथॉन धावतात.

धावणारा एक, सांगणारे सगळे

त्यांचं वय आता ४६. काम हिशेबाचं, दिवसभर खुर्चीवर. पाच वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. फजरनंतर ते चालायला लागले आणि चालता चालता धावायला लागले. साताऱ्यात राहणाऱ्याला धावण्यासाठी लांब जावं लागत नाही. २०१२ पासून इथे दर वर्षी हिल हाफ मॅरेथॉन भरते. गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि तसंच खाली यायचं, एकूण २१ किलोमीटर. पावसाळ्याचे दिवस, घाटात धुकं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेतली मुलं टाळ्या वाजवत उभी. त्यांची पहिली शर्यत तीच. मग दोन वर्षांनी जानेवारीतली मुंबईची पूर्ण मॅरेथॉन आली. मधल्या सुट्ट्यांमध्ये मुलांना घेऊन लहान-मोठ्या सहली झाल्या.

घरात धावणारा माणूस एक असला, तरी त्याबद्दल सांगणारे पाच-सहा असतात. मुलगा मित्रांना सांगतो, मुलगी मामाला फोन करते, सासरे मशिदीतून येताना चार जणांना सांगून येतात, आणि आम्ही खानदानाच्या ग्रुपवर लिहितो. म्हणून आम्ही घरात आधी एक गोष्ट ठरवली. धावणं त्यांचं आहे, तर बातमीही आधी त्यांची. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो, त्यांची वेळ, त्यांच्या पायाला आलेले फोड यातलं काही बाहेर जाणार नाही. नवरा-बायकोमध्ये परवानगी कसली, असं काहींना वाटेल. पण घामाने निथळलेल्या, चेहरा वेडावाकडा झालेल्या माणसाचा फोटो साठ जणांना पाठवताना त्याला एकदा विचारायला काय हरकत आहे? हाच नियम ते आमच्या बाबतीत पाळतात. घरातल्या बायकांचे फोटो कुठे जातील आणि कुठे जाणार नाहीत, हे त्या त्या बाईने ठरवायचं.

४२ किलोमीटर म्हणजे किती?

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा ऐकून घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आमच्या चुलत सासूबाई मुंब्र्याला राहतात. त्यांना आम्ही फोनवर सांगितलं, "चाची, व्हीटीला लोकलमध्ये बसलात की ठाणं येतं, कळवा येतं, मग तुमचं मुंब्रा येतं. त्याच्याही पुढे दिव्यापर्यंत जायचं. तेवढं अंतर हे पायांनी धावणार." चाची दोन मिनिटं गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकल बंद आहे का त्या दिवशी?"

आम्ही खूप हसलो. पण त्या दिवसापासून चाचींना ती शर्यत आपली वाटायला लागली. धावणाऱ्याला तयारीसाठी चार-पाच महिने लागतात, रविवारी पंचवीस-तीस किलोमीटरची लांब धाव असते, त्या दिवशी घरात दुपारी कोणी काही काम सांगायचं नाही, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. खर्चही विचारला. नोंदणी, बूट, रेल्वेचं भाडं, सगळं धरून आकडा आम्ही खरा सांगितला. मोठी माणसं खर्च विचारतात तेव्हा त्यांना हिशेब नको असतो. घर अडचणीत येत नाही ना, एवढंच पाहायचं असतं. आकडा लपवला की त्यांची काळजी वाढते आणि वाढवून सांगितला की दिखावा होतो.

नणंदेची अट

मुंबईची नोंदणी झाली तेव्हा सगळ्यात आधी आम्ही दोघं नणंदेच्या घरी गेलो. ती साताऱ्यातच, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिचे मिस्टर त्याच्या दोन वर्षं आधी, वयाच्या ४४व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सकाळी नाश्त्याला बसलेला धडधाकट माणूस दुपारी नव्हता. अशा घरात "मी ४२ किलोमीटर धावणार आहे" ही बातमी मोबाइलवरून पोहोचू नये, असं आम्हाला वाटलं.

तिने चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "भाईजान, तुम्ही नका धावू."

आम्ही वाद घातला नाही. तिची भीती अडाणीपणाची नव्हती. धावताना माणसं कोसळल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाने एकदम जोर लावला, किंवा हृदयाचं दुखणं आतल्या आत असलं आणि ते तपासलंच नाही, तर धोका खरा असतो. चाळिशी उलटलेल्या माणसाने, त्यातही घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयरोग असेल तर, आधी डॉक्टरांकडे जायलाच हवं. मिस्टरांनी रक्ताच्या चाचण्या, ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट करून घेतली. पुढच्या रविवारी आम्ही ते कागद घेऊन पुन्हा तिच्याकडे गेलो. दहावीत शिकणाऱ्या भाच्याने ते वाचून आईला समजावले.

तिने दोन अटी घातल्या. "छातीत, हातात, जबड्यात काहीही वाटलं तर तिथेच थांबायचं. पदक गेलं खड्ड्यात. आणि अर्ध्यावर आलात की मला फोन करायचा. दुसऱ्या कोणाला नाही, मला."

तिने तरीही नाहीच म्हटलं असतं तर? याचं उत्तर आमच्यात आजही एक नाही. मिस्टर म्हणतात, गेलो असतो, पण तिला सांगून, तिची नाराजी ऐकून गेलो असतो. आम्हाला वाटतं, एखादं वर्ष थांबायला हरकत नव्हती. शर्यत दर वर्षी असते. पण एवढं नक्की, की प्रवासाची बातमी देणं म्हणजे नुसतं कळवणं नव्हे. समोरच्याला "नका जाऊ" म्हणायची जागाही ठेवावी लागते. घोषणा केली की ती जागा उरत नाही.

धावण्याच्या सकाळी

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी ती होते. पूर्ण मॅरेथॉन धावणारे हौशी लोक पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीपासून सुटतात. जानेवारीत मुंबईत फजरची वेळ सहाच्या जरा आधी सुरू होते आणि सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे घरून नमाज पढून निघता येत नाही आणि शर्यत संपवून पढायची म्हटली तर वेळ निघून जाते. आपल्या मुलांपैकी कोणी पुढे धावणार असेल तर हे आधीच ध्यानात ठेवायला हवं. मिस्टर निघताना वुजू करून गेले. हाजी अली मागे टाकून वरळीच्या समुद्रकाठी आल्यावर पदपथावर, धावणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला होऊन, त्यांनी दोन रकात फर्ज पढली. पाच-सहा मिनिटं गेली असतील. एका अनोळखी धावपटूने तेवढा वेळ त्यांची पाण्याची बाटली सांभाळली आणि सलाम फिरवल्यावर हातात देऊन तो पुढे निघून गेला. हा प्रसंग त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितला. त्याचा फोटो नाही आणि नसल्याचं दुःखही नाही.

त्या सकाळी ग्रुपवर तीनच निरोप जातील, असं आम्ही ठरवलं होतं. सुटले. अर्धं झालं. पोहोचले. धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकाला चिप असते, ठरावीक अंतरावर ती नोंदवली जाते आणि तो क्रमांक माहीत असेल तर घरबसल्या मोबाइलवर कळतं की माणूस कुठवर आला. तो क्रमांक आम्ही आदल्या रात्री जवळच्यांना देऊन ठेवला होता. ज्याला पाहायचं तो पाहील, ज्याला नाही पाहायचं त्याचा मोबाइल पहाटे वाजणार नाही. मुंब्र्यात चाची तसबीह घेऊन नातवाजवळ बसल्या होत्या. रियाधमध्ये असलेला दीर फजरनंतर बघत होता. साताऱ्यात सासऱ्यांनी कागदावर एकाखाली एक किलोमीटर लिहून घेतले होते आणि ते खुणा करत होते.

वरळीपासून वांद्र्यापर्यंतचा सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. एरवी त्यावर पायी जायला बंदी असते. मॅरेथॉनच्या दिवशी मात्र तिथून धावता येतं. खाली समुद्र, वर तारा आणि हजारो पावलांचा आवाज. तो सेतू उतरून माहीमकडे वळताना मिस्टरांनी कमरेच्या पिशवीतला फोन काढला. आठ वाजत आले होते. "अर्धं झालं. काही दुखत नाही. श्वास ठीक आहे." पलीकडून नणंद एवढंच म्हणाली, "पाणी प्या," आणि तिने फोन ठेवला. तिने ती बातमी मग सगळ्यांना कळवली. अर्ध्या वाटेचा निरोप तिच्याच नावाने गेला.

आम्ही मुलांसह पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून मुंब्र्याहून आलो होतो आणि मरीन ड्राइव्हवर उभे होतो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ धावणाऱ्याला तिशी ओलांडल्यावर, म्हणजे पाय संपत आल्यावर येतो. ऊनही तेव्हा तापलेलं असतं. पण मुंबईचे लोक रस्त्यावर येऊन ज्या आपुलकीने उभे राहतात ती पाहण्यासारखी असते. संत्र्याच्या फोडी, केळी, बिस्किटं, मीठ, चिक्की घेऊन बायका, मुलं, म्हातारी माणसं उभी असतात. ओळखीचा-बिनओळखीचा असा भेद नाही. आम्हीही एक पिशवीभर संत्री नेली होती. आमचा माणूस यायच्या आधीच ती संपली.

"कितवा नंबर आला?"

मिस्टर ५ तास ३८ मिनिटांत पोहोचले. निरोप जाताच ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "कितवा नंबर?" शाळेत शिकवणाऱ्यांना हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. मुलाने वर्षभर काय शिकलं हे कोणी विचारत नाही, नंबर विचारतात. मुलाने उत्तर लिहिलं, "हजारो लोक अब्बांच्या पुढे आणि बरेच मागे. अब्बा चालत घरी येत आहेत, अल्हम्दुलिल्लाह."

या जागी एक जुनी गोष्ट आठवते. हदीसच्या ग्रंथांत ती आहे. एका सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबतच्या लोकांना पुढे जाऊ दिलं आणि ह. आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी ह. आयेशा जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचं अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि त्या हरल्या. तेव्हा प्रेषितांनी हसून मागची बरोबरी झाल्याचं सांगितलं. नवरा-बायकोच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण ऐकतो. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही हकिकत सांगणाऱ्या स्वतः ह. आयेशा आहेत. जिंकल्याचं त्यांनी सांगितलं आणि हरल्याचंही सांगितलं, का हरलो तेही सांगितलं. आणि शर्यतीच्या वेळी बघायला कोणी नव्हतं. आधी ती दोघांची होती, सांगणं नंतर झालं.

म्हणून आमच्या घरच्या सांगण्यात पेडर रोडवर मिस्टर चालत होते हे येतं. पायात गोळे आले म्हणून दोनदा बसले हेही येतं. पदकाचा एकच फोटो पाठवणाऱ्याला पुढचे कोणी प्रश्न विचारत नाहीत. दमल्याची गोष्ट सांगणाऱ्याला मात्र चाळिशीतला भाऊ हळूच फोन करून विचारतो, "मला जमेल का रे? सुरुवात कुठून करायची?" असे तीन फोन आम्हाला आले.

गोलघुमटातली टाळी

सहलींचं सांगणं जरा वेगळं असतं. तिथे घाम नसतो, नुसती मजा असते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात तुलना लवकर येते. मुंबईच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विजापूरला गेलो होतो. गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ मधली. चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे. त्यांच्या आतल्या अरुंद, उंच पायऱ्या चढून गेलं की घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा येतो. इकडच्या भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं आणि एक टाळी वाजवली तर ती पुन्हा पुन्हा परत येते.

सासरे सोबत होते. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते खाली बागेतच बसले. वर पोहोचल्यावर मुलीने त्यांना फोन लावला, मोबाइल भिंतीशी धरला आणि "दादाजान" म्हणून हाक मारली. हाकेमागून तिचे पडसादही त्यांना फोनवर ऐकू गेले. त्यांनी खालून सलाम केला, तो वर घुमटात घुमला. त्या सहलीची आठवण काढली की सासरे हेच सांगतात. चढता न आलेल्या माणसालाही त्या सज्जाचा हिस्सा मिळाला.

ग्रुपवर टाकलेला फोटोही त्या टाळीसारखाच असतो. आपण एकदा वाजवतो, तो कुठून कुठून परत येतो ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून घर बंद असताना "आम्ही विजापुरात" असं आम्ही कधी लिहीत नाही. कुलूप लावल्याची बातमी ज्यांना हवी त्यांनाच. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती, दूधवाल्याला सांगितलं होतं, बस्स. फोटो परत आल्यावर, मोजके दहा. आणि प्रत्येकाबरोबर कामाचं एक वाक्य. गोलघुमटाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी चढू नये. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते आणि पडसाद नीट ऐकू येतात. इब्राहिम रौजा चुकवू नका, तिथे पायऱ्यांचा त्रास कमी. तिथे ज्याची कबर आहे त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ दखनीत लिहिला, म्हणजे आपल्या घराघरांत आजही जी बोली बोलली जाते तिच्या जुन्या रूपात. शाळेत उर्दू शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने हे वाचून आपल्या वर्गाची सहल तिकडे नेली.

फळं आणि साली

आपल्या घरांतली मोठी माणसं मुलांना सांगत, फळं आणलीत तर शेजारच्या मुलांनाही द्या, आणि देण्याइतकी नसतील तर घरात खा, साली बाहेर दिसू देऊ नका. ज्या मुलाच्या वाट्याला फळ नाही त्याच्या नजरेला नुसती साल का पडावी?

आमच्या एका जवळच्या मैत्रिणीच्या घरी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. तिचे मिस्टर आमच्या मिस्टरांच्याच वयाचे. धावण्याच्या पोशाखातला, पदक गळ्यात घातलेला फोटो तिला पाठवायचा का, यावर आमचं घरात बोलणं झालं. आम्ही पाठवला नाही. मुंबईहून आल्यावर तिला फोन केला आणि आधी त्यांचं कसं चाललंय ते विचारलं. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "आणि भाईंचं धावणं? सांग ना, मला ऐकायचंय." मग सगळं सांगितलं. तिला ते ऐकायचं होतं, पण तिच्या वेळेला आणि तिने विचारल्यावर.

नजर लागते म्हणून काहीच सांगायचं नाही, असंही काही घरांत चालतं. ते आम्हाला पटत नाही. भाऊ कुठे गेला, कशात पडला, कशातून बरा झाला हे बहिणीला कळायलाच हवं. आनंद लपवल्याने नाती वाढत नाहीत. कोणाला, केव्हा, किती आणि कशासाठी सांगतो, एवढं पाहिलं की पुरे. घरात आम्ही जे पाळतो ते असं:

निघण्याआधी ज्यांना आपली काळजी वाटेल त्यांना भेटून किंवा फोनवर सांगायचं, ग्रुपवर नाही.

घरात आजारपण, मौत किंवा नोकरी गेल्याचं दुःख असेल तिथे आधी त्यांचं ऐकायचं.

प्रवासात असताना खुशालीपुरताच निरोप. घर रिकामं आहे हे जगाला कळवायचं नाही.

दुसऱ्याच्या मुलांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय पुढे पाठवायचे नाहीत.

परतल्यावर पाहणाऱ्याच्या कामी येईल असं काहीतरी सोबत द्यायचं. रस्ता, खर्च, पायऱ्या, खाण्याची आणि नमाजची सोय.

आणि येताना काहीतरी खायला आणायचं. मुंबईला जाताना आम्ही साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते, येताना माहीमचा हलवा आणला. त्याचे कागदासारखे पातळ चौकोन घरोघर वाटणं सोपं जातं. नणंदेच्या घरी हलव्याचा डबा उघडला तेव्हा भाच्याने मामांना विचारलं, "पहिल्या दिवशी किती धावायचं?" मिस्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी धावायचं नाही. चालायचं." आता रविवारी फजरनंतर मामा-भाचे यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत चालत जातात. नणंद अजून काळजी करते, पण आता ती त्यांना पाण्याच्या दोन बाटल्या भरून देते.

सुट्ट्या लागतील, तिकिटं निघतील, बॅगा भरल्या जातील. बरोबर काय न्यायचं याची यादी आपण सगळेच करतो. तिच्या शेजारी आणखी एक छोटी यादी करून पाहा, जाण्याआधी कोणाकोणाच्या घरी जाऊन यायचं त्याची. पाच-सहा नावं पुरेत. सफर त्या नावांपासून सुरू झाली, तर परतल्यावर सांगायला माणसं शोधावी लागत नाहीत. ती आधीच वाट पाहत असतात.